ग्रँटचं प्रपोजल सबमिट केल्यावर आत काय होतं, आणि ते कळलं तर लिहिताना काय बदलायचं

नाशिकमध्ये मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, फार्मसी, नर्सिंग सगळ्याची कॉलेजं आहेत, १९९८ साली स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलंच, तरी सरकारी रिसर्च ग्रँटचा विषय काढला की स्टाफरूममध्ये दोनच वाक्यं ऐकू येतात, एक म्हणजे "तिथे ओळख लागते हो" आणि दुसरं "ते सगळं दिल्लीवाल्यांनाच मिळतं". खरी अडचण वेगळीच आहे. पोर्टलवर टाकलेलं प्रपोजल पुढे कोण वाचतं, किती वेळ वाचतं, कशावरून मार्क देतं हे आपल्यापैकी बहुतेकांना माहितीच नसतं, मग आपण पीजीच्या थिसिसच्या सिनॉप्सिससारखं प्रपोजल लिहितो, पहिली दोन पानं जागतिक आकडेवारीत घालवतो आणि ते परत आलं की पुन्हा ओळखीचा विषय निघतो.

म्हणून आतली प्रोसेस सांगते आणि प्रत्येक ठिकाणी लिहिताना काय करायचं तेही सांगते. सगळीकडे एकच उदाहरण धरू, बनवलेलं आहे, कुणाचं खरं प्रपोजल नाही: निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत काम करणाऱ्यांच्या तब्येतीवर फवारणीचा काय परिणाम होतो.

आधी ऑफिस, मग सायन्स

आपल्याकडे बायोमेडिकलला पैसे देणाऱ्या मोठ्या सरकारी जागा म्हणजे आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (१९११ साली वेगळ्या नावाने सुरू झालेली, १९४९ पासून आत्ताचं नाव), केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग म्हणजे डीबीटी, आणि २०२३ च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, ज्यात जुनं एसईआरबी म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड विलीन झालं. आयुर्वेदवाल्यांसाठी आयुष मंत्रालयाच्या योजना वेगळ्या. प्रत्येकाचा कॉल म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात वेगळी, फॉरमॅट वेगळा, पण अर्ज पोहोचल्यावर पहिल्यांदा सायन्स कुणी बघत नाही हे सगळीकडे सारखंच.

आधी कागद तपासतात. विषय कॉलमध्ये बसतो का, फॉरमॅट त्यांचाच आहे का, शब्दमर्यादा पाळली का, संस्थाप्रमुखाची सही आणि शिक्का आहे का, पीआयची (प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे प्रोजेक्टचा मुख्य संशोधक) नोकरी रेग्युलर आहे का आणि प्रोजेक्ट संपेपर्यंत तो रिटायर तर होत नाही ना, संस्था खासगी असेल तर डीएसआयआरची (केंद्राचा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभाग) मान्यता मागितली आहे का आणि असेल तर तिची मुदत संपलेली नाही ना. इथे पडलेलं प्रपोजल रिव्ह्यूअरपर्यंत जातच नाही, तुमची आयडिया कितीही भारी असो. डीनसर कॉन्फरन्सला गेलेत, शिक्का क्लार्कच्या कपाटात आणि क्लार्क रजेवर, पोर्टल शेवटच्या संध्याकाळी लटकलेलं, हे प्रत्येक कॉलेजात होतं. त्यामुळे कॉलमध्ये दिलेली शेवटची तारीख विसरा, त्याच्या आठ दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि घरच्यांना पण तीच सांगा.

आणि कॉल नीट वाचा म्हणजे पेन घेऊन वाचा. कॉल जर इंटरव्हेन्शन मागत असेल, म्हणजे काहीतरी करून बघा आणि फरक दाखवा म्हणत असेल, आणि तुम्ही नुसता सर्व्हे पाठवला, तर चांगला सर्व्हेसुद्धा जातो. त्यात अन्याय काही नाही.

वाचणारा माणूस कोण असतो

तुमच्यामाझ्यासारखाच प्राध्यापक किंवा एखाद्या संस्थेतला शास्त्रज्ञ. त्याला स्वतःची ओपीडी किंवा लॅब आहे, पीजी आहेत, इन्स्पेक्शन आहे, आणि त्यात एक गठ्ठा प्रपोजलं येऊन पडलीत. तो रात्री जेवण झाल्यावर वाचतो. महत्त्वाचं म्हणजे तो बऱ्याचदा तुमच्या विषयाचा नसतो, शेजारच्या विषयाचा असतो. आपल्या उदाहरणात एक जण टॉक्सिकॉलॉजीचा असेल, एक कम्युनिटी मेडिसिनचा, एक कदाचित बायोस्टॅटिस्टिक्सचा. द्राक्षबाग त्यांच्यापैकी एकाने तरी जवळून पाहिली असेल याची खात्री नाही, त्यामुळे "डिपिंगच्या वेळी" असं लिहून पुढे गेलात तर त्याला कळणार नाही की घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवणारं औषध) द्रावणात हाताने बुडवतात आणि बायकांचे हात दिवसभर त्यात असतात.

मीटिंगमध्ये नेमकं काय होतं हे समजायला मी अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे तिथल्या सरकारच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थची, पद्धत घेते. तिथे अर्ज करा असं म्हणत नाहीये, पण त्यांनी आपली सगळी पद्धत उघड लिहून ठेवली आहे, नकली मीटिंगचे व्हिडिओसुद्धा टाकलेत, आणि आपल्याकडच्या समित्यांचं काम मोठ्या अर्थाने त्याच धर्तीवर चालतं, तपशील कॉलप्रमाणे बदलतात.

तर तिथे बहुतेक अर्ज सेंटर फॉर सायंटिफिक रिव्ह्यूकडे जातात, हे खातं १९४६ पासूनचं. वर्षातून तीन फेऱ्या. अर्ज विषयाप्रमाणे एका गटाकडे जातो, त्याला स्टडी सेक्शन म्हणतात, गट चालवणारा अधिकारी स्वतः मार्क देत नाही, तो फक्त रिव्ह्यूअर नेमतो आणि नियम पाळले जातायत का बघतो. प्रत्येक अर्ज साधारण तिघांना वाटून दिला जातो. ते घरी बसून वाचतात, लेखी मत आणि आकडा आधीच अपलोड करतात, आकडा १ ते ९, १ सगळ्यात चांगला (आपल्या परीक्षेच्या उलट, म्हणून पहिल्यांदा बघणारे गोंधळतात). मीटिंगच्या आधी हे आकडे बघून साधारण खालचे निम्मे अर्ज बाजूला काढतात, त्यांच्यावर चर्चाच होत नाही, लेखी मतं मात्र अर्जदाराला मिळतात.

उरलेल्यांची चर्चा अशी होते की ज्यांचे हितसंबंध आहेत, म्हणजे त्याच संस्थेचे किंवा गेल्या ३ वर्षांत सोबत पेपर लिहिलेले वगैरे, ते बाहेर जातात, मग पहिला रिव्ह्यूअर प्रोजेक्ट काय आहे ते सांगतो, दुसरा-तिसरा त्यात भर घालतो किंवा भांडतो, मग सगळ्यांना प्रश्न विचारायची मुभा, मग तिघे आपले शेवटचे आकडे सांगतात, आणि नंतर खोलीतला प्रत्येक जण गुपचूप आपला आकडा टाकतो. तिघांच्या आकड्यांच्या रेंजबाहेर आकडा द्यायचा असेल तर तसं बोलून दाखवावं लागतं. सगळ्या आकड्यांची सरासरी काढून १० ने गुणतात, म्हणजे १० ते ९० मधला स्कोअर. एका अर्जाला सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, कधी कमीच.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या: मत देणारे वीस-पंचवीस जण, त्यातल्या तिघांनीच तुमचं प्रपोजल पूर्ण वाचलेलं. बाकीचे तिथल्या तिथे पहिलं पान चाळतायत आणि त्या तिघांचं ऐकतायत. तुम्ही खोलीत नाही. तुमच्या वतीने बोलणारा म्हणजे तो पहिला रिव्ह्यूअर. म्हणजे लिहिताना तुमचं काम त्याला पटवण्यावर संपत नाही, उद्या वीस लोकांसमोर दोन मिनिटांत तुमचा प्रोजेक्ट सांगताना त्याच्या तोंडात कोणती वाक्यं यावीत ती वाक्यं त्याला तयार लिहून द्यायची. हे एकदा डोक्यात बसलं की प्रपोजलमधला निम्मा पसारा आपोआप बाहेर जातो. आपल्याकडे काही कॉलमध्ये पीआयलाच प्रेझेंटेशनला बोलावतात, ऑनलाइन, पाच-दहा मिनिटं, तिथेही हीच वाक्यं कामाला येतात.

रिव्ह्यू झाला म्हणजे पैसे मिळाले असं मात्र नाही. तिथे वर ॲडव्हायझरी कौन्सिल असते, फेब्रुवारीत भरलेला अर्ज जून-जुलैमध्ये रिव्ह्यूला आणि ऑक्टोबरमध्ये कौन्सिलकडे जातो, आणि शेवटचा निर्णय एनआयएचमधल्या पैसे देणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरचा. आपल्याकडेही समिती शिफारस करते, मंजुरी आणि पैसे हा वेगळा टप्पा, फायनान्सकडून जातो. "शिफारस झाली" असा मेल आला की पेढे वाटायला हरकत नाही, पण स्टाफची जाहिरात काढू नका.

आणि हो, हे सगळं गणितासारखं अचूक असतं असा समज नको. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, त्यात ४३ रिव्ह्यूअरना एनआयएचचेच २५ अर्ज वाचायला दिले होते, आणि एकाच अर्जाबद्दल वेगवेगळ्या रिव्ह्यूअरांचं एकमत जवळजवळ दिसलंच नाही. म्हणजे अगदी वाईट अर्ज बाजूला काढणं जमतं, पण चांगल्यातून जास्त चांगला निवडताना नशीब येतंच. माझ्या मते याचा अर्थ हताश व्हायचा नाही, एका नकाराने विषय सोडायचा नाही एवढाच.

मार्क कशाला मिळतात

एनआयएचने २५ जानेवारी २०२५ पासूनच्या डेडलाइनना नवीन पद्धत लावली. आधी पाच निकष होते, विषयाचं महत्त्व, संशोधक, नावीन्य, पद्धत आणि संस्था, आणि प्रत्येकाला आकडा. आता ते तीन गटांत बांधले: काम महत्त्वाचं आहे का, काम काटेकोर आणि होण्यासारखं आहे का, आणि माणसं व सोयी पुरेशा आहेत का. पहिल्या दोनांना १ ते ९ आकडा, तिसऱ्याला आकडाच नाही, पुरेसं आहे किंवा काय कमी आहे एवढंच लिहायचं. मोठ्या नावाच्या संस्थेला नुसत्या नावामुळे फायदा मिळू नये हा त्यामागचा एक हेतू. आपल्याकडचे निकष शब्दाने वेगळे असतील, पण विचारतात हेच: गरज काय, नवीन काय, कसं करणार, तुम्हाला जमेल का. आयसीएमआरसारख्या ठिकाणी देशाच्या आरोग्याच्या प्राधान्यात हे कुठे बसतं हा प्रश्न जास्त जोरात असतो.

यातलं नाशिकच्या माणसाला सगळ्यात सोपं काय आणि तरी आपण वाया घालवतो ते म्हणजे पहिलं, महत्त्व. आपल्या दारात विषय पडलेत. मालेगावचे पॉवरलूम आणि श्वासाचे आजार, सुरगाणा-पेठमधलं सिकलसेल, २०२७ च्या सिंहस्थात लाखोंच्या गर्दीत साथीचे आजार कसे पकडायचे. हे दिल्लीत बसून करता येत नाही. आणि तरी प्रपोजलची सुरुवात "जगभरात दरवर्षी" अशीच होते. जगाची आकडेवारी रिव्ह्यूअरला माहिती असते हो, त्याला माहिती नसतं ते हे की इथे हे काम केल्याशिवाय कोणता प्रश्न सुटणार नाही.

पण प्रपोजल पडतं ते महत्त्वावर नाही, पद्धतीवर. आपलं उदाहरण घेऊन बघू.

समजा तुम्ही लिहिलंत, "नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष मजुरांमध्ये कीटकनाशकांच्या परिणामाचा अभ्यास, रक्तातील कोलिनेस्टरेज मोजून". ऐकायला ठीक. टॉक्सिकॉलॉजीवाला रिव्ह्यूअर पहिल्याच वाचनात थांबेल, कारण कोलिनेस्टरेज (नसांच्या कामाशी जोडलेलं एन्झाइम) कमी होतं ते ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाच्या कीटकनाशकांनी, आणि द्राक्षावर बहुतेक फवारण्या डाऊनी आणि भुरीसाठी असतात, म्हणजे बुरशीनाशकं. जे फवारतात ते तुमच्या टेस्टमध्ये दिसणारच नाही. मॅन्कोझेबसारख्या औषधासाठी लघवीत एथिलिनथायोयुरिया (शरीरात त्या औषधापासून बनणारा पदार्थ) मोजावं लागेल, ते थायरॉइडशी जोडलेलं आहे म्हणून थायरॉइडच्या टेस्टही हव्यात, आणि ते मोजणारी मशीन कुठल्या लॅबमध्ये आहे, त्या लॅबचं पत्र जोडलंय का? छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात त्याचं काय? बघा, एका वाक्यावर अख्खं प्रपोजल घसरलं. एखाद्या बागायतदाराकडे अर्धा तास बसून त्याची फवारणीची वही पाहिली असती तर हे लिहिण्याआधीच कळलं असतं.

पुढचा प्रश्न, मजूर म्हणजे नक्की कोण? ट्रॅक्टरचा ब्लोअर बऱ्याचदा बागायतदार स्वतः किंवा सालगडी चालवतो, पेस्टिंग, डिपिंग, विरळणी करायला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात, त्यांचा संपर्क फवारलेल्या पानांशी आणि द्रावणाशी. दोघांना एकाच गटात टाकलंत तर निकालाला अर्थ उरत नाही.

मग वेळ. कोलिनेस्टरेज मोजायचंच असेल तर माणसामाणसात ते इतकं वेगळं असतं की त्या माणसाचा आधीचा आकडा हवाच, आणि लाल पेशीतलं भरून यायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे हंगामात पहिलं सॅम्पल घेऊन चालणार नाही. टोळ्या पावसाळ्यात भात-नागलीसाठी गावी असतात. तर बेसलाइन, म्हणजे हा आधीचा आकडा, त्यांच्या गावात जाऊन, गोडी छाटणीला (फळासाठीची छाटणी) यायच्या आधी घ्यायचा, हे इथल्याच माणसाला सुचू शकतं आणि रिव्ह्यूअरला ते आवडतं, कारण त्यावरून दिसतं की तुम्हाला जमीन माहिती आहे. पण मग टाइमलाइनमध्ये "महिना १: बेसलाइन" असं लिहू नका. मंजुरी डिसेंबरात आली तर तुमचा महिना १ डिसेंबर, आणि बागेत तेव्हा फवारणी जोरात. सरळ लिहा की बेसलाइन छाटणीच्या आधीच होईल, मंजुरी उशिरा आली तर मधला वेळ ट्रेनिंग, फॉर्म आणि पायलटला (छोट्या चाचणी-अभ्यासाला) जाईल. असं लिहिलेलं फार कमी प्रपोजलांत दिसतं.

सॅम्पल साइज हा दुसरा मोठा खड्डा. "१०० मजूर घेऊ" असं लिहिणारे अजून आहेत. समजा एखादं लक्षण २० टक्के लोकांत असेल असा तुमचा अंदाज आहे आणि तुम्हाला ते ५ टक्के इकडेतिकडे या अचूकतेने काढायचंय, तर साधं सूत्र २४६ देतं. पण एका टोळीतले लोक एकाच बागेत एकाच औषधात काम करतात, म्हणजे ते एकमेकांसारखे असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट २ धरला तर ४९२. त्यात २० टक्के लोक फॉलोअपला सापडणार नाहीत असं धरलं तर ६१५. बघा २४६ चे ६१५ झाले, आणि त्याबरोबर किट, प्रवास, माणसं सगळं वाढलं. हा हिशोब रिव्ह्यूअर करून बघतो, किमान स्टॅटिस्टिक्सवाला तरी नक्कीच. आणि २० टक्के हा आकडा कुठून आणला तेही लिहा, एखादा जुना पेपर किंवा तुमचा छोटा पायलट. स्टॅटिस्टिशियनला प्रपोजल लिहून झाल्यावर सहीपुरतं बोलवायचं नाही, विषय ठरतो त्या दिवशी बोलवायचं.

पायलट म्हणजे भरपूर खर्च असं नाही. तीस-चाळीस जणांची प्रश्नावली, काही सॅम्पल, गावातून लॅबपर्यंत घाट ओलांडून यायला किती वेळ लागतो आणि तोपर्यंत सॅम्पल टिकतं का, एवढं जरी केलंत तरी "होण्यासारखं आहे का" या प्रश्नाला उत्तर मिळतं. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप असते, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट, त्यातून असा पायलट छान होतो आणि मुलालाही रिव्ह्यू म्हणजे काय ते कळतं.

बजेट आणि एथिक्स, थोडक्यात

बजेटमध्ये रिव्ह्यूअर दोन गोष्टी बघतो, काम आणि पैसे जुळतात का, आणि कॉलेजची जुनी हौस यात भागवताय का. लॅपटॉप तीन, एसी एक, प्रिंटर दोन आणि फील्डच्या गाडीला पैसेच नाहीत, असं बजेट लगेच ओळखू येतं. प्रत्येक रकमेपुढे एक ओळ कारण लिहा. पदं आणि पगार एजन्सीच्या यादीतलेच घ्या, मनाने बनवू नका. आणि अकाउंट्सच्या माणसाला आत्ताच दाखवा, नंतर युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) त्यालाच करायचंय, ते अडकलं की पुढचा हप्ता अडकतो.

एथिक्सला मात्र वेळ द्या, कारण तिथे नुसती कमिटीची मंजुरी पुरत नाही. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का ते बघा, क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या देशाच्या ट्रायल नोंदवहीत पहिला पेशंट घ्यायच्या आधी नोंद, परदेशी पार्टनर असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची वेगळी पायरी. पण खरा प्रश्न वेगळा. टेस्टमध्ये एखाद्या माणसाचा आकडा धोक्याचा निघाला तर तुम्ही काय करणार? कुणाला सांगणार, कुठे पाठवणार, मुकादमाला कळलं आणि त्याचं काम गेलं तर? रक्त द्यायला आला म्हणून बुडालेली मजुरी देणार का? संमतीपत्र पुस्तकी मराठीत आणि समोरचा कोकणा ही आदिवासी बोली बोलणारा, तर वाचून कोण दाखवणार? आयसीएमआरची २०१७ ची एथिक्स गाइडलाइन यावर बरंच सांगते, ती उघडून बघा आणि प्रपोजलमध्ये स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहा. कॉपी केलेला परिच्छेद रिव्ह्यूअरने आधी शंभरदा वाचलेला असतो.

ओळख, फोन आणि एआय

रिव्ह्यूअर कोण आहे हे शोधून फोन करायचा नाही. अगदी सरळ सांगते, गुरुजनांच्या ओळखीने "जरा बघा ना" असा निरोप गेला तर प्रामाणिक रिव्ह्यूअरला तो निरोप कळवावा लागतो आणि तुमचं नाव खराब होतं. ओळख कुठे वापरायची तर सबमिट करण्याआधी: ज्यांनी समितीत काम केलंय अशा ज्येष्ठांना तुमचं पहिलं पान वाचायला द्या. आणि कॉलमध्ये ज्या प्रोग्राम ऑफिसरचं नाव दिलेलं असतं त्यांना विषय बसतो का हे विचारणं यात चुकीचं काही नाही, ते त्यासाठीच असतात.

एआयबद्दल हल्ली सगळे विचारतात. एनआयएचने २०२३ मध्ये रिव्ह्यूअरना अर्ज एआय टूलमध्ये टाकायला मनाई केली, कारण गोपनीयता मोडते, आणि २०२५ पासून मुख्यतः एआयने लिहिलेले अर्ज विचारात घेणार नाही असंही जाहीर केलं, सोबत एका पीआयला वर्षाला ६ अर्जांची मर्यादा. इंग्रजी सुधारायला कुणी वापरत असेल तर ठीक, पण फवारणीची वही एआयने पाहिलेली नाही एवढं लक्षात ठेवा.

परत आलं तर

कॉमेंट आल्या की त्याच दिवशी उत्तर लिहायचं नाही. राग येतोच. दोन-तीन दिवस ठेवा, मग वाचा, आणि त्यातल्या भाषेचा अर्थ लावा. "ओव्हरॲम्बिशस" म्हणजे तुमची उद्दिष्टं सात आहेत आणि तीन वर्षांत दोन होतील. "डिस्क्रिप्टिव्ह" म्हणजे तुम्ही मोजणार आहात पण त्यातून कोणता प्रश्न सुटतो ते दिसलं नाही. "नॉट नॉव्हेल" याचा अर्थ बऱ्याचदा काम जुनं आहे असा नसतो, तुम्ही आधीचे पेपर नीट मांडले नाहीत म्हणून नवीन काय ते त्याला सापडलं नाही. "टीमला अनुभव नाही" आलं तर को-पीआय वाढवा, पण नुसतं नाव नाही, तो कोणतं काम करणार आणि किती वेळ देणार ते लिहा. आणि रिव्ह्यूअरने काहीतरी चुकीचं समजून घेतलं असेल, जे प्रपोजलमध्ये पान ९ वर लिहिलेलं होतं, तर "रिव्ह्यूअरने वाचलं नाही" असं मनात म्हणा आणि ती गोष्ट पान १ वर आणा.

सुधारून पाठवताना प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या, क्रमाने. एनआयएचमध्ये पुन्हा अर्ज करताना याला फक्त एक पान मिळतं, तेवढ्यात बसवायची सवय चांगली. "सूचनेबद्दल आभार, आवश्यक बदल केला आहे" हे उत्तर नाही. "कोलिनेस्टरेज फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट वापरलेल्या बागांतल्या गटात ठेवलं, बाकीच्यांत लघवीतलं एथिलिनथायोयुरिया घेतलं, टेस्ट करणाऱ्या लॅबचं पत्र जोडलं, त्यामुळे किटचा खर्च बदलला" हे उत्तर आहे. न पटलेल्या एखाद्या मुद्द्याला शांतपणे नाही म्हणता येतं, कारण द्यायचं. सगळ्याला हो म्हणणारं प्रपोजल पण विचित्र दिसतं, त्याला स्वतःचं मत उरत नाही.

हे सगळं टाळायचा एक उपाय म्हणजे कॉलेजातच नकली रिव्ह्यू. डेडलाइनच्या तीन आठवडे आधी तिघांना प्रपोजल द्या, एक तुमच्या विषयाचा, एक शेजारचा, एक अजिबात संबंध नसलेला, फिजिऑलॉजी किंवा फार्मसीचा चालेल. त्यांना फक्त आदल्या रात्री वाचायला सांगा, खऱ्या रिव्ह्यूअरसारखंच. दुसऱ्या दिवशी तुम्ही खोलीत बसा पण तोंड बंद ठेवा, अगदी चुकीचं बोलले तरी, आणि पहिल्या वाचकाला दोन मिनिटांत तुमचा प्रोजेक्ट बाकीच्यांना सांगू द्या. तो जे सांगेल ते शब्दशः लिहून घ्या. जिथे तो अडखळला, "म्हणजे त्यांना बहुतेक असं म्हणायचंय" असं म्हणाला, तिथे खूण करा आणि त्या जागा पुन्हा लिहा, बाकी इंग्रजीचं व्याकरण नंतर बघता येईल. चहा-मिसळीचा खर्च पीआयचा.